लिव्हर सिरोसिसचा रुग्ण घरी सांभाळताना: काय बंद करायचं आणि काय अजिबात बंद करायचं नाही

पोटात पाणी झालं म्हणून आठवडाभर दवाखान्यात राहून रुग्ण घरी येतो. त्या संध्याकाळी घरात काय होतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता न विचारता सांगू शकते. डाळ बंद, अंडी बंद, तूप-तेल बंद. हळद तर आधीच बंद, कारण काविळीला 'पिवळं चालत नाही'. ताटात मऊ भात, सोबत उसाचा रस, आणि तोंडाला चव यावी म्हणून लोणच्याची फोड. गुडघे दुखतात म्हणून जुन्या पट्टीतली एक गोळी. सारखं संडासला जावं लागतं म्हणून ते गोड पातळ औषध बंद.

म्हणजे चालू ठेवायचं ते सगळं बंद आणि बंद करायचं ते चालू. मग पंधरा दिवसांत पुन्हा भरती.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, आम्ही चार वर्षं घरी सांभाळलं. यातल्या बहुतेक चुका आम्हीही केल्या. पोटात पाणी, रक्ताची उलटी, काविळ किंवा भ्रम यांपैकी काहीतरी एकदा होऊन गेलेल्या सिरोसिसच्या (लिव्हर कडक होऊन त्याचं काम मंदावण्याच्या आजाराच्या) रुग्णाच्या घरच्यांसाठी हे लिहिलंय. इथले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरा.

## तयारी: रुग्ण घरी येण्याआधी

डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर, बीपीचं मशीन, शिंप्याकडची मोजपट्टी, आणि औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते मिलिलिटरच्या खुणांचं माप. एक दोनशे पानी वही, तिला दोरीने बांधलेलं पेन. दोरी हसण्यावारी नेऊ नका. पेन सापडलं नाही की नोंद राहते.

डिस्चार्ज मिळण्याआधी डॉक्टरांना हे प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या:

– आजार कशामुळे झाला? दारू, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, फॅटी लिव्हर, की आणखी काही?
– पाणी उतरल्यावरचं वजन किती धरायचं?
– रोज किती संडास व्हायला हवेत?
– लघवीची गोळी (म्हणजेच पाण्याची गोळी, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) कोणत्या परिस्थितीत थांबवायची?
– रात्री-अपरात्री काही झालं तर कुठे न्यायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'जवळच्या दवाखान्यात' असं पुरत नाही. एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून करायची तपासणी) आणि रक्तपेढी दोन्ही असलेलं हॉस्पिटल हवं. ते आजच ठरवा. १०८ची ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर पत्ता कोण सांगणार, हेसुद्धा.

आणि एक. सिरोसिस म्हटलं की नातेवाइकांच्या नजरा दारूकडे वळतात. कित्येक रुग्णांनी थेंब घेतलेला नसतो. दारू असेल तर ती शून्य; बिअर, वाइन, 'औषधापुरती' हे सगळं त्या शून्यातच आलं. फक्त एवढं लक्षात ठेवा: कालपर्यंत रोज पिणाऱ्याची आज एकदम सुटली तर हातापायांना कंप, घाम, भास, झटके येऊ शकतात. तेव्हा त्याला घरी कोंडून न ठेवता दवाखान्यात न्या, आणि रोज किती घेत होता ते खरं सांगा.

## टप्पा १: सकाळचं वजन

संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, त्याच फरशीवर ठेवलेल्या काट्यावर. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा खोटं बोलतो.

पाय सुजलेले नसतील आणि पाणी फक्त पोटात असेल तर गोळीने रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये. पायांवर सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. त्याहून वेगाने उतरलं की घरचे खूश होतात, पण त्याच वेळी मूत्रपिंडं कोरडी पडत असतात. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलोंच्या आसपास वाढलं तर पाणी भरतंय. दोन्ही वेळा फोन करा. गोळी आपल्या मनाने वाढवू किंवा कमी करू नका.

तपासा: पंधरा दिवसांतून एकदा दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. वजन तेवढंच आहे आणि दंड बारीक होतोय, तर स्नायू झिजतायत आणि त्यांची जागा पाणी घेतंय. काट्यावर हे कळत नाही. अण्णांच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला तोपर्यंत आम्ही 'वजन स्थिर आहे' म्हणून निश्चिंत होतो.

## टप्पा २: मीठ

पोटातल्या पाण्याचं मूळ मिठात आहे. शरीर सोडियम धरून ठेवतं आणि सोडियमच्या मागे पाणी येतं. म्हणून बहुतेकांना पिण्याचं पाणी तोडावं लागत नाही. रक्तातलं सोडियम बरंच खाली गेलं, साधारण १२५च्या खाली, तरच डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात. घरोघरी मात्र उलटं चालतं: रुग्णाला तहानलेला ठेवतात आणि ताटात पापड वाढतात.

दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २ ग्रॅम सोडियम. दूध, पाव, बिस्किटं, भाज्या यांतून थोडं आपोआप जातंच. म्हणून वरून घालायला अंदाजे ३ ग्रॅम, सपाट चहाचा चमचा अर्धा, एवढंच उरतं.

करायचं कसं ते क्रमाने:

१. रोज सकाळी तेवढं मीठ एका छोट्या डबीत काढा. दिवसभर रुग्णाच्या पदार्थांत पडेल ते याच डबीतलं. डबी रिकामी झाली की त्या दिवसाचं मीठ संपलं.

२. घरची भाजी-आमटी मीठ घालण्याआधी रुग्णापुरती बाजूला काढा. वेगळा स्वयंपाक करायला गेलात तर महिनाभरही टिकणार नाही.

३. भाकरीच्या आणि पोळीच्या पिठात मीठ नको. डबीतलं मीठ एखाद्या भाजीवर वरून भुरभुरा. जिभेला लगेच लागतं, थोडक्यात काम होतं.

४. चव आंबट-तिखटातून आणा: लिंबू, ओला लसूण, जिरं, मिरी, कोथिंबीर, बिनमिठाचा ठेचा. आमसूल घालताना जपून, बहुतेक आमसुलांना मीठ लावलेलं असतं.

छुपं मीठ: पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, खारवलेला बांगडा, पिशवीतलं मसाला ताक, झटपट नूडल्स, चीज, सॉस. खायचा सोडा आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. पोट फुगलं म्हणून घेतली जाणारी फसफसणारी पावडर आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या त्यातल्याच. एक लिटर ओआरएसमध्ये जवळजवळ दिवसभराच्या मर्यादेइतकं सोडियम असतं, तेव्हा 'अशक्तपणा आलाय' म्हणून विचारल्याशिवाय देऊ नका.

सैंधवाबद्दल दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. सैंधव हेही मीठच. उपवासाला चालतं म्हणून लिव्हरला चालेल असं नाही. दुकानातलं 'लो सोडियम' मीठ तर याहून धोक्याचं. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाण्याच्या गोळ्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोन मुळातच पोटॅशियम वाढवते. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोजच्या शहाळ्याबद्दलही डॉक्टरांना आधी विचारा.

सावधान: अळणी जेवण नको म्हणून रुग्णाने ताटच बाजूला सारलं तर मीठ थोडं वाढवा आणि त्याला जेवू द्या. उपासमार मिठापेक्षा वाईट.

## टप्पा ३: ताट, आणि रात्रीचं खाणं

सिरोसिसच्या लिव्हरला साखरेचा साठा नीट करता येत नाही. रात्रभर पोट रिकामं राहिलं तर निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपोटी राहण्याइतका परिणाम होतो आणि शरीर स्नायू तोडायला लागतं. म्हणून दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको, आणि झोपण्यापूर्वी खाणं अत्यावश्यक. दोन पोळ्या कुस्करून कपभर दुधात, किंवा पोहे आणि दूध. रात्री साडेनऊ-दहाला हे, सकाळी सातच्या आत पहिला घास.

प्रथिनांचं प्रमाण: पाणी वजा जाता जे वजन असेल त्याच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं, म्हणून मांडून दाखवते. सकाळी दूध आणि दोन अंडी: १८-१९. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट उसळ, वाटीभर दही: २२-२३. चारला मूठभर बिनमिठाचे फुटाणे: ६. रात्री दोन पोळ्या, उसळ, पन्नास ग्रॅम पनीर: २२. झोपताना दूध: ६-७. पंच्याहत्तरच्या आसपास बेरीज होते. अंडी चालत नसतील तर पनीर-दही वाढवा, सोयाबीन वापरा.

'प्रथिनं दिली की भ्रम होतो' हा जुना सल्ला अजून फिरतोय. भ्रम होऊन गेलेल्या रुग्णाचीही प्रथिनं कमी करत नाहीत. डाळी, दूध, दही यांचा वाटा वाढवतात. हळदीने काविळ वाढत नाही. फोडणीची चिमूटभर हळद खुशाल घाला. (हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत.) तूप-तेलही नेहमीचं, माफक. उसाच्या रसाने काविळ उतरत नाही. वर गाडीवरचा बर्फ, आणि मधुमेह असेल तर साखर.

उपवास हा नाजूक विषय. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं या आजारात धोक्याचं. एकादशीची साबुदाणा खिचडी पोट भरते, प्रथिनं जेमतेम देते. अण्णा चाळीस वर्षं संकष्टी करत होते, सोडायला तयार नव्हते. शेवटी म्हटलं, तुमची संकष्टी मी धरते, तुम्ही फक्त आरतीला उभे राहा. तेव्हा कुठे ऐकलं.

कोकणातल्या घरांसाठी वेगळी सूचना: कालवं, तिसऱ्या, खेकडे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अजिबात नकोत. समुद्राच्या पाण्यातला एक जंतू या रुग्णांच्या थेट जिवावर उठतो. पायाला उघडी जखम असेल तर खाडीच्या पाण्यातही उतरू देऊ नका.

## टप्पा ४: ते गोड पातळ औषध

लॅक्टुलोज. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

बाटलीवर बद्धकोष्ठतेचं औषध असं लिहिलेलं असतं. रुग्ण म्हणतो, मला संडासला साफ होते, मग हे कशाला? ते डोक्यासाठी आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया लिव्हरला साफ करता येत नाही, तो मेंदूपर्यंत जातो, माणूस भ्रमतो. हे औषध आतड्यात आम्लता वाढवून अमोनिया तिथेच अडवतं आणि संडासवाटे बाहेर काढतं.

१. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने सुरुवात करा, बहुधा एका वेळी १५ ते ३० मिली. चमच्याने देऊ नका, मापानेच द्या.

२. उद्दिष्ट: रोज दोन ते तीन मऊ संडास. वहीत प्रत्येक वेळी रेघ ओढा.

३. दुपारपर्यंत एकही नाही? पुढची मात्रा वेळेआधी द्यायची का, वाढवायची का, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं असू द्या.

४. चारपेक्षा जास्त, पाण्यासारखे? मात्रा कमी करा, पूर्ण बंद करू नका, आणि कळवा. अति जुलाबांनी शरीर कोरडं पडतं, आणि त्यानेही भ्रम होतो.

गोडमिट्ट लागतं म्हणून मळमळत असेल तर थंड पाण्यात लिंबू पिळून त्यात मिसळा. सुरुवातीला पोटात वारा धरतो, बहुतेकांचा पुढे कमी होतो.

नेहमीची चूक: प्रवास. पुतणीच्या लग्नाला जायचं, एसटीत संडासची पंचाईत, म्हणून अण्णांनी दोन दिवस औषध गुपचूप टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं एक-एक घर चुकवून लावून बसले होते. आज वार कोणता विचारलं, तर स्वतःची जन्मतारीख सांगितली, अगदी ठामपणे. तेव्हापासून आमचा नियम असा: प्रवास असेल तर रात्रीची मात्रा पक्की, सकाळी दोन तास लवकर उठायचं, आणि वाटेत थांबता येईल अशीच गाडी.

## टप्पा ५: औषधांची पिशवी रिकामी करा

घरातल्या सगळ्या गोळ्या एका वर्तमानपत्रावर ओता. नव्या चिठ्ठीत जे नाही ते बाजूला.

वेदनाशामकं: डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड यांनी मूत्रपिंडं बिघडतात, रक्तस्राव होतो आणि पाण्याच्या गोळ्या काम करेनाशा होतात. गल्लीतल्या दवाखान्यातलं 'कमरेतलं इंजेक्शन' बहुधा यातलंच, म्हणून सुई टोचण्याआधी आजार सांगा. ताप किंवा दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५००च्या जास्तीत जास्त चार गोळ्या. सर्दीच्या गोळीतही ते असतं, तेही मोजा.

झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधं नकोत. रात्री झोप न लागणं हेच भ्रमाचं पहिलं लक्षण असू शकतं.

झाडपाला: काविळीची माळ घातल्याने नुकसान वेळेचंच होतं. पोटात घ्यायच्या मुळ्या, काढे, 'लिव्हर टॉनिक' यांचं तसं नाही. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. वाद कोणीही जिंको, लिव्हरचं थोडंच काम शिल्लक असलेल्या माणसाने प्रयोगाला बसू नये.

उलट, काही गोळ्या अचानक बंद करायच्या नसतात. हिपॅटायटिस बीची गोळी थांबली तर विषाणू उसळतो. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवरचा दाब कमी ठेवतात. वरचं बीपी ९०च्या खाली गेलं तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा, एरवी चुकवू नका.

आजार हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे असेल तर २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस.

## टप्पा ६: रोजची दोन मिनिटांची परीक्षा

सकाळी वहीत रुग्णाची सही घ्या. मग एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायला लावा, मराठीत, घड्याळ लावून. पंधराच्या वर गेले तर ठीक, दहाच्या खाली आले तर फोन. आकड्याइतकीच त्याची कालच्या स्वतःशी तुलना महत्त्वाची. अण्णा गाय, म्हैस, शेळी असे गोठ्यापासून सुरू करून ताडोबापर्यंत जायचे. ज्या दिवशी गोठ्यातच अडकले त्या दिवशी आम्ही औषध तपासलं.

मग दोन्ही हात समोर ताणून, मनगटं मागे वाकवून, बोटं पसरून, 'थांबा' म्हणावं तसं पंधरा सेकंद धरायला सांगा. हात पुन्हापुन्हा गळून फडफडले तर मेंदूवर परिणाम सुरू आहे. भ्रम एकदा होऊन गेला असेल तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत स्कूटरची किल्ली लपवा.

लगेच निघा, सकाळची वाट पाहू नका:

– रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी
– डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी संडास (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण अशी चिकट नाही)
– पोटात पाणी असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा पोट दुखणं
– असंबद्ध बोलणं, उठवूनही न उठणं
– लघवी खूप कमी होणं
– फुगलेल्या बेंबीची कातडी निळसर होणं किंवा तिथून पाणी गळणं

सावधान: गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, औषध, तीर्थ काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. डाव्या कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा.

## टप्पा ७: पाणी काढायचा दिवस

'पोटातलं पाणी सुईने एकदा काढलं की पुन्हा भरतं, म्हणून काढू नका' असं सांगणारे भेटतील. पाणी भरतं ते आजारामुळे. श्वास लागेपर्यंत थांबू नका.

तिथे तीन गोष्टी विचारा. किती लिटर काढलं? तपासणीला नमुना पाठवला का? (पाण्यातला जंतुसंसर्ग कधीकधी तापाशिवायही असतो.) आणि पाच लिटरपेक्षा जास्त काढणार असाल तर अल्ब्युमिन (शिरेतून द्यायचं रक्तातलं प्रथिन) देणार का? दर लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम लागतं. २० टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे सहा लिटरला दोन ते अडीच बाटल्या. खर्चाचं गणित आदल्या दिवशीच करा, नाहीतर ऐन वेळी 'एकच आणा' असं ठरतं आणि दोन दिवसांनी लघवी कमी होते.

## टप्पा ८: कॅलेंडर, प्रत्यारोपण आणि फाइल

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, लिव्हरच्या कॅन्सरसाठी, तब्येत बरी असली तरी. एंडोस्कोपीची पुढची तारीख. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस ए आणि बी यांच्या लसी.

प्रत्यारोपणाबद्दल पहिल्यांदा पोटात पाणी झालं तेव्हाच विचारा. लोक शेवटी विचारतात, तोवर रुग्ण ऑपरेशन सोसण्यापलीकडे गेलेला असतो. विचारलं म्हणजे करावंच लागतं असं नाही. मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत विभागीय समितीकडे नाव नोंदवावं लागतं. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशा समित्या आहेत. जवळचा नातेवाईक लिव्हरचा भाग देऊ शकतो, त्याच्या तपासण्यांनाच वेळ लागतो. डॉक्टर नाही म्हणाले तर कारण विचारून लिहून घ्या.

फाइलमध्ये रिपोर्ट तारखेप्रमाणे, नवा वर. पहिलं पान हाताने लिहिलेलं: नाव, वय, रक्तगट, आजाराचं कारण, पाणी उतरल्यावरचं वजन, चालू गोळ्या मात्रेसकट, कशाची ॲलर्जी, शेवटची एंडोस्कोपी, शेवटचं पाणी किती लिटर, दोन फोन नंबर. वही याच फाइलच्या कप्प्यात.

आम्ही एकदा रात्री दोनला कॅज्युअल्टीत पोचलो. ड्युटीवर अगदी तरुण डॉक्टर होती, अण्णांना पहिल्यांदाच पाहत होती. तिने ते पान वाचलं आणि एकच विचारलं, शेवटची संडास कधी झाली? वही उघडून रेघा दाखवल्या. परवाच्या दिवशी दोन होत्या, कालच्या दिवशी एकही नव्हती.